पान एकोणतीसवरच्या सात ओळी

महाड,
८ फेब्रुवारी १९८८

ती. शेलार गुरुजींस,
श्रीपत गमरेचा सा. नमस्कार.

आपल्या 'भाषेची पाऊलवाट' या पुस्तकाची पहिली बत्तीस हस्तलिखित पाने मालक रावजीशेठ यांनी काल माझ्या हाती दिली. मी आपला जुना विद्यार्थी. मधलीवाडीच्या शाळेत सातवीपर्यंत आपल्यापुढे बसलो. पुढे पोलादपूरला नववीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. गेली सहा वर्षे येथील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. आपले अक्षर पाहिले आणि न विचारता ओळखले.

कामाची पद्धत आधी सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. आमच्याकडे खिळे थोडे आहेत. एका वेळी फक्त आठ पाने जुळतात. त्या आठ पानांना आम्ही फॉर्मा म्हणतो. फॉर्मा जुळवायचा, त्याचे प्रूफ आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवायचे, आपण तपासून परत करायचे, मग छापायचा. छापून झाला की सगळे खिळे सोडवून आपापल्या खणात टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढची आठ पाने जुळवायची. म्हणून एकदा छापलेल्या पानात नंतर काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही.

पहिल्या फॉर्म्याचे प्रूफ सोबत आहे. एक शंका आहे, लहान तोंडी मोठा घास होत असेल तर क्षमा असावी. पान पाचवर आर्य लोक उत्तर ध्रुवावरून आले, तेथे सहा महिने रात्र असते, असे आहे. पान सातवर त्यांच्याकडे घोड्यांचे कळप आहेत. तेवढ्या बर्फात घोडे काय खात होते?

आपला आज्ञाधारक,
श्रीपत

---

मधलीवाडी, ता. पोलादपूर
१५ फेब्रुवारी १९८८

चि. श्रीपत यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून संतोष वाटला. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. माझी छडी वाया गेली नाही म्हणायची.

घोड्यांचे तू मनावर घेऊ नकोस. तू खिळे जुळव, सिद्धांत मी जुळवतो. प्रूफ तपासून पाठवत आहे, छापावे. पुस्तक १ मे रोजी आपल्या गावच्या वाचनालयाच्या उद्घाटनाला हवे. पाहुण्यांना बोलावणे गेले आहे.

शुभेच्छुक,
द. ग. शेलार

ता. क. : पाकीट चिकटवल्यावर पुन्हा उघडून लिहितो. घोड्यांवर दोन रात्री विचार केला. पान पाचवर उत्तर ध्रुवाऐवजी मध्य आशियातील गवताळ मैदान असे करावे. तेथे गवत भरपूर आहे. पूर्ण मजकूर आठ दिवसांत पाठवतो, तोवर थांब.

---

महाड,
२६ फेब्रुवारी १९८८

ती. गुरुजींस सा. नमस्कार.

आपले प्रूफ वेळेवर मिळाले, पत्र मिळाले नाही. प्रूफ कंडक्टरने सोळा तारखेला दिले. त्यावर 'छापावे' अशी आपली सही होती. सतराला फॉर्मा छापला, अठराला खिळे सोडवले. पत्र टपालाने आज आले. आता पान पाचवर माणसे उत्तर ध्रुवावरच राहतील. मी काहीही करू शकत नाही, आणि याचा मला फार त्रास होतो, कारण पुढच्या पानांत आपण त्यांना गवतात आणणार आणि वाचणारा म्हणेल की जुळवणाऱ्याने पाने उलटसुलट लावली.

कृपा करून पत्र आणि प्रूफ एकत्रच पाठवत जावे.

दुसरे. दुसऱ्या फॉर्म्यात 'आर्य' हा शब्द त्र्याऐंशी वेळा आला आहे. माझ्या खणात रफाराचे खिळे साठ. 'पूर्व' आणि 'सर्व' यांनाही तेच लागतात. पान चौदापासून जमेल तेथे 'ते लोक' करायची परवानगी असावी. पितृ, पिदर, पातेर हा वेगवेगळ्या देशांत बाप या अर्थी सारखेच शब्द असल्याचा भाग मात्र मला फार आवडला. तो मी दोनदा वाचला. कामाचा म्हणून एकदा आणि माझा म्हणून एकदा.

आपला,
श्रीपत

---

मधलीवाडी,
१४ मार्च १९८८

चि. श्रीपत यास आशीर्वाद.

'ते लोक' चालेल. उशीर झाला खरा, पण कारण ऐकशील तर तूही थक्क होशील. रविवारच्या पुरवणीत वाचले की विलायतेतल्या एका पंडिताने नवेच काढले आहे. घोडे नाहीत, रथ नाहीत, स्वाऱ्या नाहीत. तुर्कस्तानाकडले शेतकरी दर पिढीला दोन-चार कोस पुढे सरकत, नवी शेते करत गेले आणि त्यांच्याबरोबर भाषा पसरली, असे त्याचे म्हणणे. इकडे आमचे जुने हेडमास्तर म्हणतात, हे सगळे खोटे, सारे येथूनच तिकडे गेले. कोणाचे खरे धरावे? मी ठरवले आहे की प्रत्येकाला चार-चार पाने द्यायची. तिसऱ्या फॉर्म्यात गवताळ मैदान आहेच, ते तसेच छाप. पाचव्यात शेतकरी घेऊ, सहाव्यात हेडमास्तर.

चौथा फॉर्मा मात्र पक्का आहे, तो नव्याने लिहून सोबत पाठवत आहे. पंचवीस ते बत्तीस. त्यात नुसती परदेशची उदाहरणे नकोत म्हणून आपल्या खोऱ्यातले, आपल्या गावचे उदाहरण पान एकोणतीसवर घातले आहे. वाचून तुला आनंद होईल.

शुभेच्छुक,
द. ग. शेलार

---

महाड,
२४ मार्च १९८८

गुरुजींस सविनय जयभीम.

चौथ्या फॉर्म्याचे प्रूफ पाठवत आहे. पान एकोणतीसवर ओळ अकरा ते सतरा कोरी दिसेल. ती चूक नाही. मजकूर नसतो तेथे बसवायचे बुटके खिळे असतात, त्यांचा ठसा उठत नाही. ते मी बसवले आहेत.

आपला मजकूर असा होता. जिंकणाऱ्यांनी जिंकलेल्यांवर आपली भाषा लादली, गावाबाहेरच्या वाड्या ही त्या जिंकलेल्यांची खूण आहे, मधलीवाडीच्या बौद्धवाडीतील लोकांची मूळ भाषा नष्ट झाली, आज ते बोलतात ती आमच्या पूर्वजांकडून मिळालेली उसनी भाषा, आणि म्हणूनच ती त्यांच्या तोंडी मोडकी येते.

गुरुजी, वाचणारा पान उलटून पुढे जातो. मला एकेक अक्षर बोटांनी उचलावे लागते. 'उसनी' तीन खिळे. 'मोडकी'पर्यंत आलो आणि हात थांबला. सहा वर्षांत मी कोणाचाही एक शब्द बदललेला नाही. लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचे नाव चुकीचे लिहून आले तरी आधी विचारतो, मग बदलतो. तुमचाही बदललेला नाही. फक्त जुळवला नाही.

आपण हे कोठे पाहिले, कोणाला विचारले, ते कळवावे. आमच्या वाडीत कोणाला विचारले असेल तर मी जुळवीन.

श्रीपत गमरे

---

मधलीवाडी,
३० मार्च १९८८

श्रीपत,

कोरी जागा पाहून मला वाटले, शाई संपली. मग तुझे पत्र वाचले.

अरे, हे शास्त्र आहे. त्यात तू कोठे आलास? तुझी भाषा मोडकी आहे असे मी म्हटलेले नाही, तुझी भाषा मी घडवली आहे. पहिल्या बाकावर तुला मीच बसवला, हे विसरलास काय? जेत्यांची भाषा जित घेतात, हे जगभर मान्य आहे. एक जुळारी ते अडवून धरणार?

पुरावा पाहिजे ना? पुरावा आणून देतो. मी स्वतः तुमच्या वाडीत वही घेऊन जाईन. जुन्या माणसांच्या तोंडी त्या हरवलेल्या भाषेचे चार-दोन शब्द अजून असलेच पाहिजेत. ते सापडले की सात ओळी मुकाट्याने जुळवायच्या. नाही तर मला रावजीशेठला लिहावे लागेल.

द. ग. शेलार

---

महाड,
४ एप्रिल १९८८

गुरुजींस सविनय जयभीम.

रावजीशेठना लिहायची गरज नाही, ते रोज माझ्या डोक्यावर उभे असतात. लग्नसराई आली आणि सगळे खिळे आपल्या आठ पानांत अडकले आहेत. आज म्हणाले, "अरे श्रीपत, तुझे ते आर्य उठणार कधी? लोकांची लग्नं खोळंबली!" मी म्हटले, गुरुजींचा मजकूर यायचा आहे. खोटे नाही, पण खरेही पुरते नाही. मला रात्री झोप नाही. नोकरी गेली तर आईला काय सांगू?

एक गोष्ट मात्र लिहितोच. माझा एक चुलतभाऊ मुंबईला गोदीत आहे. या शिमग्याला एसटीच्या टपावर ट्रंक टाकून आला. बोलण्यात सगळे 'एकदम', 'खाली-पिली', 'टाइम नाय'. चार दिवसांत वाडीतली पोरे तसे बोलू लागली आणि आठव्या दिवशी तुमच्या आळीतलीही. कोणी चढाई केली नव्हती. माझ्या भावाकडे घोडा नाही, रथ नाही, आणि जिंकलेला तर तो कधीच कोणाला नाही. मग शब्द कसे गेले?

आपण वाडीत जाणार असाल तर बरे होईल. चप्पल काढून ओट्यावर बसा, उभ्याने विचारू नका. उभ्या माणसाला आमच्याकडे कोणी खरे सांगत नाही.

श्रीपत

---

मधलीवाडी,
११ एप्रिल १९८८

श्रीपत यास आशीर्वाद.

काल वाडीत जाऊन आलो. तुझी आई सोनाबाई शेतात राबासाठी पालापाचोळा पसरत होती. ओटा नव्हताच, बांधावर बसलो. मला पाहून म्हणाली, "काय गुरुजी, आज इकडं वाट चुकलाव?" बाई फटकळ आहे. मी म्हटले, तुमच्या जुन्या भाषेतले शब्द पाहिजेत. म्हणाली, "जुनी म्हंजे? आमची काय येगळी भाषा हाय? तुमची आयशी नि मी एका बांधावर भांडलो, तवा दुभाषी आनला नवता."

राब, दाढ, आवण एवढे भातशेतीचे शब्द तिने सांगितले. ते तर माझ्या घरातही आहेत. हरवलेल्या भाषेचा शब्द एकही निघाला नाही. याने माझा सिद्धांत खोटा ठरत नाही, फक्त पुरावा उशिरा शोधला असे ठरते. आणखी काही जुन्यापान्या गोष्टी तिने सांगितल्या. त्यांचा विषयाशी संबंध नाही.

त्या सात ओळींचे काय करायचे ते कळवतो. घाई करू नये.

द. ग. शेलार

---

महाड,
१६ एप्रिल १९८८

गुरुजींस सविनय जयभीम.

चौदा एप्रिलला जयंतीसाठी घरी गेलो होतो. आईला विचारले, गुरुजींना काय सांगितलेस? तिने सगळे सांगितले. आपण ज्या गोष्टींचा विषयाशी संबंध नाही म्हणता त्या मला आजवर माहीत नव्हत्या. चोवीस वर्षे मी त्या घरात जेवलो आणि कधी विचारले नाही, हा दोष माझा. तिचे शब्द जसेच्या तसे देतो.

"गुरुजींचा पणजा हैबती वाईकडना घाट उतरून आला. पाठीवर जवारीचं बोचकं, बायको नि एक म्हस. जमीन घेतलान, पन भात कसा करतात त्ये ठावं नाय. पयल्या साली जवारी फेकतात तसा भात फेकलान, नि पावसानं सगळा वाहून नेलान. मंग माज्या सासूच्या आजेसासऱ्यानं त्येला हाताला धरून शिकवलान. ह्यो राब, असा भाजायचा. ही दाढ, हिच्यात रोप करायचं. ह्ये आवण, असं लावायचं. येकेक शबूद त्येला शिकवायला लागला. हैबती 'राब' म्हनायला शिकला, तवा त्येची पोरं भात खायला लागली. ह्ये मी गुरुजींना बांधावर बसवून सांगितला. त्येंनी वही मिटली."

वही का मिटलीत, गुरुजी?

आपल्या पुस्तकात सगळे पंडित एवढेच शोधत आहेत की कोण कोठून आला आणि कोणी कोणाला भाषा दिली. हजारो वर्षांपूर्वीचे कोणालाच नक्की ठाऊक नाही, म्हणून बर्फ, गवत, शेत असे भांडण चालले आहे. त्यात मी पडत नाही, मी नववी नापाससुद्धा नाही, नववी अर्धी आहे. पण ही एक गोष्ट चार पिढ्यांपूर्वीची आहे, आपल्या गावची आहे, आणि सांगणारी जिवंत आहे. ती सोडून आपण 'उसनी' लिहिलेत. उसनी कोणाची कोणाकडे, ते आपल्याला बांधावरच कळले.

त्या सात ओळी मी जुळवणार नाही. माझ्या आईबद्दलचे खोटे माझ्या बोटांनी उचलणार नाही. शेठ ठेवोत किंवा काढोत.

श्रीपत

---

मधलीवाडी,
५ मे १९८८

चि. श्रीपत यास आशीर्वाद.

एक मेचे उद्घाटन पुस्तकाशिवायच पार पडले. पाहुणे विचारत होते, मी म्हटले, छापखान्यात अडचण आहे. अडचण छापखान्यात नव्हती.

पाचवा आणि सहावा फॉर्मा आता नको. तुर्कस्तानाकडले शेतकरी आणि आमचे हेडमास्तर, दोघेही राहू देत. पुस्तक बत्तीस पानांचेच होऊ दे.

सात ओळींसाठी हा मजकूर. मोजून लिहिला आहे.

'भाषा नेहमी जेत्याकडून जिताकडे जाते असे नाही. आमच्या खोऱ्यातली एक शेतमजूर बाई सांगते, की तिच्या घरच्या पूर्वजांनी घाटावरून उतरलेल्या एका कुटुंबाला भातशेती शिकवली आणि तिच्याबरोबर शब्दही दिले. राब, दाढ, आवण हे शब्द त्या कुटुंबाने येथेच उचलले. त्यांनी येथे भाषा दिली नाही, घेतली. प्राचीन काळीही असे घडले असेल काय, हे विद्वानांनी ठरवावे.'

आता तरी जुळव.

द. ग. शेलार

---

महाड,
७ मे १९८८

गुरुजींस सविनय जयभीम.

मजकूर मिळाला. आनंदाने जुळवायला घेतला आणि दुसऱ्या ओळीवर पुन्हा थांबलो. आपल्याला माझा वैताग आला असेल, मलाही माझा आला आहे.

'एक शेतमजूर बाई' म्हणजे कोण? आपण पान एकवर आपले संपूर्ण नाव, पदवी आणि पुरस्कार छापले आहेत. विलायतेतल्या पंडितांची नावे हिज्ज्यांसह दिली आहेत, त्यांतल्या दोन नावांसाठी मी शब्दकोश पाहायला नगर वाचनालयात गेलो होतो. आणि जिने सांगितले तिला नाव नाही. 'सोनाबाई' जुळवायला मला अर्धे मिनिट लागेल. पण मी स्वतःहून घालणार नाही. आपण लिहून पाठवावे.

नाव घातले तर मजकूर आठव्या ओळीवर जातो, हे आधीच कळवतो. जागा सातच ओळींची आहे.

श्रीपत

---

(पोस्टकार्ड)

मधलीवाडी,
१० मे १९८८

श्रीपत,
'एक शेतमजूर बाई' काढून 'सोनाबाई महादेव गमरे' घालावे. जागेसाठी शेवटचे विद्वानांचे वाक्य काढावे. त्यांनी आजवर काही ठरवलेले नाही.
छापावे.
द. ग. शेलार

---

महाड,
२३ मे १९८८

गुरुजींस सविनय जयभीम.

पुस्तक पूर्ण झाले. तीनशे प्रती कालच्या पोलादपूर गाडीने पाठवल्या, त्या मिळाल्या असतील. खिळे सुटले आणि त्याच दिवशी चार लग्नपत्रिका जुळवल्या. शेठ आता माझ्याशी बरे बोलतात.

रविवारी एक प्रत घेऊन घरी गेलो. आईला पान एकोणतीस वाचून दाखवले. तिला वाचता येत नाही. नाव कोठे आहे ते तिने विचारले, मी दाखवले, तिने त्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. मला वाटले, आता खूश होईल. म्हणाली, "आमी शिकवली, त्ये आला. आन् शिकला कोन, त्ये कुठं हाय?"

मी वाचले, 'घाटावरून उतरलेल्या एका कुटुंबाला.'

"त्या कुटुंबाला नाव नाय? का आमच्या मानसांनी वाऱ्याला शिकवलान?"

गुरुजी, त्या सात ओळी मी चार वेळा तपासल्या होत्या. काना, मात्रा, वेलांटी, सगळे बरोबर. ही चूक मला दिसली नाही, कारण ती अक्षरांत नव्हती. जिला अक्षर येत नाही तिला पहिल्याच वाचनात दिसली. तेव्हापासून मला काही सुचत नाही. फॉर्मा सुटला आहे, पान छापले गेले आहे.

पान पाचवर माणसे अजून बर्फात उभी आहेत. त्यांच्यासाठी शुद्धिपत्राची एक चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घालावीच लागेल. त्या चिठ्ठीत आणखी काय घालायचे ते आपण ठरवावे. मी काही सुचवत नाही.

श्रीपत

---

मधलीवाडी,
४ जून १९८८

चि. श्रीपत यास जयभीम व आशीर्वाद.

प्रती अजून वाटलेल्या नाहीत. गठ्ठे पडवीत तसेच आहेत. आमच्या राहीकाकूंना चिठ्ठीचा मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं झाकलं, तू छापून वाटतोस?" चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होते. मलाही होते. मी लहान असताना आमच्यात भांडण झाले की थोरले काका म्हणायचे, भात फेकणाऱ्याची अवलाद. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. त्या दिवशी बांधावर लागला, म्हणून वही मिटली.

मजकूर खाली आहे. यात एक अक्षर बदलू नकोस. तीनशे चिठ्ठ्या पाठव, मी आणि तुझी आई मिळून पुस्तकांत घालू. तिने येते म्हटले आहे. कोणत्या पानात घालायची ते तिला बरोबर ठाऊक आहे.

शुद्धिपत्र

पान ५, ओळ ९ : 'उत्तर ध्रुवावरून आले' याऐवजी 'कोठून आले ते मला माहीत नाही' असे वाचावे.

पान १९, ओळ २ : 'यात शंका नाही' याऐवजी 'यात शंका आहे' असे वाचावे.

पान २९, ओळ १३ : 'एका कुटुंबाला' याऐवजी 'माझ्या पणजोबांना, हैबती शेलार यांना,' असे वाचावे.

चिठ्ठीत जागा उरेल. उरू दे. काही भरू नकोस.

द. ग. शेलार